येळवशीला दुपारी दोन ते पाच : लातूरच्या क्लासचालकांना खुले पत्र

प्रति,
लातूर शहरातील सर्व खासगी शिकवणी वर्गांचे संचालक

सर, मॅडम, नमस्कार.

परवा रात्री पावणेदहाला दुकानाचं शटर ओढत असताना पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५. पूर्ण अभ्यासक्रमावर सराव परीक्षा, दुपारी २ ते ५. हजेरी सक्तीची. गैरहजर राहणाऱ्याची बॅच बदलली जाईल. शेवटी जोडलेल्या हातांच्या दोन खुणा. शटर अर्ध्यावर धरून मी तो मेसेज पुन्हा वाचला, मग आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. १९ तारखेला मार्गशीर्ष अमावस्या. म्हणजे वेळ अमावस्या. म्हणजे आपली येळवस.

चुकून झालं असेल असं वाटून मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, "परीक्षा होणारच. 'नीट' कुणासाठी थांबत नाही." नीट म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. त्यावर सतरा पालकांनी अंगठे दिले. त्यातले निदान सहाजण दरवर्षी येळवशीला शेतात असतात हे मला माहीत आहे. एकाचं रान तर आमच्या बांधाला लागून आहे.

हे पत्र त्या एकाच क्लाससाठी नाही. दोन दिवस दुकानात येणाऱ्या पोरांना विचारत होतो, तर आणखी चार ठिकाणी त्या दिवशी काही ना काही ठेवलेलं निघालं. कुठे टेस्ट, कुठे डाउट सेशन, कुठे "ऐच्छिक" लेक्चर, ज्याची हजेरी मात्र घेतली जाते. म्हणून सगळ्यांना मिळून लिहितोय. नाव कुणाचंच घेणार नाही.

आधी माझं सांगतो. उद्योग भवनाच्या बाजूला, ट्युशन एरियात, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. तीन मशिनी, एक स्पायरल बाइंडिंगचं यंत्र, पुढे वह्या-पेनांचं काउंटर. तुमच्या नोट्स, टेस्टचे पेपर, ओएमआर शीट माझ्याकडे निघतात. तुमचे क्लास चालले तर माझं चालतं. उन्हाळ्यात पोरं गावी गेली की गल्ल्यात चिल्लरसुद्धा राहत नाही. त्यामुळे हा माणूस क्लासच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाला कुणी असं पत्र लिहितं का?" तिचं बरोबर आहे. पण माझी मुलगी तुमच्यापैकीच एकाकडे बारावीला आहे, गावाकडे, औसा तालुक्यात, माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणि दोघींच्या मधे माझी गोची झालीय.

तुमच्यातले बरेच सर बाहेरून आलेत. कोट्याहून, हैदराबादकडून, विदर्भातून. त्यांना येळवस कुणी दाखवली नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लातूरच्या माणसांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल, पण सोडणार नाहीत.

मार्गशीर्षाच्या शेवटी रब्बीचं रान भरात असतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली किंवा निसवलेली, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले, जवसाला निळी फुलं. त्या रानात कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटीशी खोपटी, उभी करायची. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे, ते पांडव. लक्ष्मीची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, आणि मग कोपीभोवती, पिकाभोवती अंबिल शिंपडत फिरायचं, "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं ओरडत. शब्द गावागणिक थोडे बदलतात. हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि कानडी मुलखाला चिकटून. बिदर-कलबुर्गीकडे याच दिवशी एळ्ळ अमावस्या असते. एळ्ळू म्हणजे तीळ, म्हणून ही तिळाची अमावस्या असं एकजण सांगतो. एळू म्हणजे सात, म्हणून सातवी अमावस्या असं दुसरा. आमच्या पारावर हे भांडण दरवर्षी होतं आणि दरवर्षी भज्जीचं पातेलं उघडल्यावर मिटतं.

तर भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे बाहेरच्या पोरांना दर साली सांगावं लागतं. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, वांगी, गाजर, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, जे जे त्या आठवड्यात रानात आणि बाजारात असेल ते सगळं एकत्र शिजवायचं, घोटायचं, चिंचेचा कोळ आणि बेसन लावायचं, हिरवी मिरची आणि लसूण हात आखडता न घेता. आदल्या दिवशी गंजगोलाईत या भाजीचे ढीग लागतात आणि पाय ठेवायला जागा नसते. आई पहाटे तीनला उठते. बाजरीचे उंडे, आंबट भात, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि सगळ्यांत शेवटी अंबिल. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवलेलं, शिजवून ताक घातलेलं, लसूण-आल्याचं. उन्हात बसून गार अंबिलीचे दोन तांबे प्याले की माणूस बांधावर आडवा होतो. तुम्ही परीक्षेसाठी जी वेळ धरलीत, दुपारी २ ते ५, त्या वेळेत निम्मा लातूर जिल्हा ज्वारीच्या कडेला घोरत असतो.

कपड्यांचंही एक असतं. आई त्या दिवशी इरकल नेसते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वडिलांचं घोंगडं पेटीतून काढतो. त्याला डांबरगोळ्यांचा वास असतो आणि दुपारपर्यंत तो जाऊन धुराचा लागतो. माझी पोरगी हुडी घालते, त्यावर आजीची शाल, कमरेला ओढणी आवळलेली, पायात बूट. असा तिचा येळवशीचा पेहराव सातवीपासून ठरलेला. आमच्याकडे अंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन घरापासून शेतापर्यंत जाण्याचा मान तिचा. अर्धा कोस अंतर आहे, मधे ओढा आहे. पहिल्या वर्षी निम्मी अंबिल तिच्या कानामागून ओघळली होती. आता थेंब सांडत नाही. सांडत नव्हता, म्हणायला हवं.

कारण गेल्या वर्षी, ३० डिसेंबर २०२४ ला, सोमवारी, ती शेतात नव्हती. अकरावीला होती आणि त्या दिवशी सकाळी टेस्ट, दुपारी पेपरची चर्चा. ग्रुपवर तेव्हाही मेसेज आला होता आणि अंगठा देणाऱ्यांत, खोटं कशाला सांगू, मीही होतो.

मी तिच्यासाठी लातुरात थांबलो. येळवशीला लातुरात थांबणं काय असतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच ठाऊक. कर्फ्यू लागल्यासारखे रस्ते. गोलाई रिकामी. दुकानं बंद, हॉटेलं बंद, रिक्षा नाहीत. उघडं काय, तर ट्युशन एरियातले जिने आणि माझं शटर. अकराच्या सुमारास एक पोरगा आला, परभणीकडचा, बिस्किटाचा पुडा आहे का विचारायला. मी म्हटलं, हे झेरॉक्सचं दुकान आहे. तो म्हणाला, "काका, मेस बंद आहे. काल रात्रीपासून बिस्किटंच खाल्लीत. आज कुणाची जयंती आहे का?" मेस चालवणाऱ्या मावशी शेताला गेलेल्या. त्यांनी आठ दिवस आधी फळ्यावर लिहिलं होतं, पण त्याला वाटलं होतं की वेळ अमावस्या म्हणजे काहीतरी वेळापत्रकाचं असेल.

संध्याकाळी पुतण्या मोटारसायकलवर डबा घेऊन आला. भज्जी थिजलेली, उंडे थंडीने दगड झालेले. मी त्या पोराला आणि त्याच्या तीन मित्रांना बोलावलं. ए-थ्री कागद अंथरले. मोठ्या मशिनचं झाकण दिवसभर चालून गरम झालेलं असतं, त्यावर उंड्यांचा डबा ठेवला, तेवढीच ऊब. एकाने विचारलं, भाजी कशाची आहे. मी बोटांवर मोजायला लागलो आणि बाराव्यावर अडकलो. माझी मुलगी टेस्टमधून आली, डब्याकडे बघितलं, आणि भूक नाही म्हणाली.

तिकडे शेतात बिंदगं घ्यायला नात नव्हती, म्हणून आईने स्वतःच डोक्यावर घेतलं. ओढ्यात पाय सरकला. लागलं नाही, पण बिंदगं फुटलं. हे मला चार दिवसांनी कळलं. आईने सांगितलंच नाही. फोनवर ती फक्त विचारत होती, "पोरगी कधी येऊलाली?"

आता तक्रारी.

पहिली. आपल्या जिल्ह्यात वेळ अमावस्येला जिल्हाधिकाऱ्यांकडून स्थानिक सुट्टी मिळत आली आहे. जिल्ह्याला अशा सुट्ट्या वर्षात मोजक्याच मिळतात, त्यातली एक आपण रानात जाऊन अंबिल पिण्यासाठी वापरतो, यावरून या दिवसाचं वजन लक्षात यावं. शाळा बंद, सरकारी कचेऱ्या बंद. खासगी क्लास या सुट्टीत कुठेच बसत नाही आणि तुम्ही त्याचा फायदा घेता. ज्या दिवशी कॉलेज बंद, त्या दिवशी पोरं मोकळी, म्हणून उलट त्याच दिवशी मोठी परीक्षा लावता.

दुसरी तक्रार कायद्याच्या अंगाने जाणारी आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी द्या, त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवू नका, हे त्यात आहेच. पण त्यात असंही लिहिलंय की त्या-त्या भागातल्या महत्त्वाच्या आणि लोकप्रिय सणांना सुट्ट्या अशा आखा की विद्यार्थ्यांना आपल्या घरच्यांसोबत राहता येईल, त्यांच्या मनाला उभारी मिळेल. दिल्लीत बसून कुणीतरी हे लिहिलं, आणि लातुरात बसून आपल्याला ते सुचू नये? सूचना बंधनकारक नाहीत असं तुम्ही म्हणाल. मान्य. येळवसही कुणावर बंधनकारक नाही, तरी सगळं शहर जातं.

तिसरी. तारीख अचानक आलेली नाही. पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. जूनमध्ये तुमच्यापैकी एकांचं वर्षाचं वेळापत्रक माझ्याच मशिनवर निघालं, अडीचशे प्रती, पिवळा कागद. त्यात १९ डिसेंबरचा चौकोन मोकळा होता. तो चौकोन बघूनच मी जूनमध्ये आईला फोन केला होता की यंदा आम्ही सगळे येऊ. डिसेंबरात तो भरला कसा? मी चौकशी केली. शेजारच्या क्लासने त्या दिवशी टेस्ट लावली, म्हणून. आणि शेजारच्याला विचारलं तर ते तुमच्याकडे बोट दाखवतात. आम्ही बंद ठेवायचं आणि त्यांनी चालू ठेवायचं, मग पालक आम्हालाच विचारतात, असं दोघंही म्हणतात. यात कुणी वाईट आहे असं मला वाटत नाही. पण दोन दुकानदार एकमेकांच्या भीतीने रात्रभर शटर उघडं ठेवतात तसलं हे झालंय. त्यावर उपाय एकच, सगळ्यांनी एकदम बंद ठेवणं. आम्ही झेरॉक्सवाले ते करतो. तुम्हाला जड का जावं?

चौथी तक्रार लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितो. निकाल लागले की तुमचे फ्लेक्स लागतात. "शेतकऱ्याची लेक एमबीबीएसला." "कोरडवाहू रानातून वैद्यकीय महाविद्यालयाकडे." पोरीचा फोटो, मागे हिरवं शेत, कोपऱ्यात बैल. त्यातले दोन फ्लेक्स मी स्वतः डिझाइन करून दिलेत, बैल मीच टाकला. पण तीच पोरगी अकरावी-बारावीची दोन वर्षं त्या रानात येळवशीला जाऊ शकत नाही. मागच्या वर्षी एका ठिकाणी मधल्या सुट्टीत पार्किंगमध्ये थर्माकोलची कोप केली होती. पाऊण तास. केटररची भज्जी, प्लॅस्टिकच्या वाटीत, चमच्याने. अंबिल पेपर कपात. मॅडमनी फेटा बांधून व्हिडिओ केला, पोरांना दोनदा "ओलगे ओलगे" म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा आवाज नीट आला नाही. पाऊण तासाने बेल. त्यामागचा हेतू चांगलाच असेल. पण त्या पार्किंगपासून सात-आठ किलोमीटरवर खऱ्या कोपी उभ्या होत्या.

पाचवी गोष्ट म्हणजे तुमचं नेहमीचं उत्तर. बाहेरच्या जिल्ह्यांतली निम्मी मुलं आहेत, त्यांना येळवसच नाही, ती काय करणार? सर, हे उत्तर देणारा माणूस लातुरात राहून लातूर बघितलेला नाही. येळवशीला ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला घेऊन जातो. बदलून आलेले तलाठी, बँकेतले साहेब, भाड्याने राहणारे मास्तर, कुणी एकटा उरू देत नाहीत. मी १९९८ साली बारावीला होतो. तेव्हा आमचे फिजिक्सचे सर सोलापूरकडचे. येळवशीच्या आधी वर्गात त्यांनी विचारलं, कुणाच्या शेतात यायचं? अकरा हात वर झाले. ते आमच्याकडे आले, चार उंडे खाल्ले, आणि बांधावर झोपायच्या आधी उताणं पडून प्रक्षेप्य गती समजावून सांगितली, गोफणीच्या दगडावर. मला बारावीला ६१ टक्के पडले. तो दोष येळवशीचा नव्हता, गोफणीचाही नव्हता.

अभ्यास बुडतो म्हणता, तर त्यावरही एक सांगतो. माझी पोरगी नववीत असताना दादाने तिला हरभऱ्याचं झाड मुळासकट उपटून दिलं आणि मुळावरच्या बारीक गाठी दाखवल्या. "ह्यात खत तयार होतंय बघ, म्हणून हरभऱ्यामागं ज्वारी चांगली येती." दोन वर्षांनी नत्र स्थिरीकरणाची आकृती तुमच्या नोट्समध्ये आली, पान माझ्याच मशिनवर निघालं, आणि काळ्या शाईत त्या गाठी नुसते डाग दिसत होते. तिला कळलं, कारण तिने त्या बोटाने फोडून बघितल्या होत्या, आत गुलाबी होत्या. सकाळी हरभऱ्याच्या पानांवर पडलेलं दव चाटून बघितलं की जीभ आंबते. पूर्वी बायका रात्री हरभऱ्यावर धडपा अंथरायच्या आणि पहाटे पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायच्या, पोटदुखीवर. झाड पानांतून आम्ल सोडतं हे वाचून पाठ करायला किती वेळ लागतो मला माहीत नाही, चाटून कळायला एक सेकंद लागतो. नीटमध्ये १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे असतात, त्यात वनस्पतींचे किती असतात हे तुम्हीच आम्हाला सांगता.

पालक म्हणून माझी भीतीही लिहितो, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. ७२० पैकी चार-पाच गुणांनी सरकारी कॉलेज हुकलेली पोरं माझ्या काउंटरवर रडलेली आहेत. प्रवेशाच्या याद्या काढायला येतात ना, तेव्हा. एका टेस्टने रँक घसरेल, बॅच बदलेल, वरच्या बॅचचे सर जातील, हे सगळं रात्री डोक्यात येतं. म्हणूनच मी गेल्या वर्षी अंगठा दिला. तुम्ही आम्हाला भिवडवता असंही मी म्हणणार नाही, आम्ही आधीच भ्यालेलेच तुमच्याकडे येतो. पण बॅच बदलण्याची धमकी तरी या दिवसापुरती काढा.

आणि यंदाची येळवस नेहमीसारखी नाही. सप्टेंबरात मांजरा, तेरणा पात्राबाहेर आल्या ते तुम्ही फोनवर बघितलं असेल. आमचं सोयाबीन उभं पाण्यात गेलं. खालचा बांध वाहिला. रान वाफशावर यायलाच इतका वेळ लागला की ज्वारी उशिरा पेरली, ती अजून गुडघ्याच्या थोडी वर आहे. हुरडा यंदा येळवशीला नाहीच. दादाने विचारलं, यंदा साधंच करायचं का? आई म्हणाली, भूकंपाच्या वर्षी केली, आता नाही करायची? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला, मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या घराची मागची भिंत बसली होती आणि आम्ही पत्र्याखाली राहत होतो. साडेतीन महिन्यांनी येळवस आली. किल्लारीकडच्या आत्याच्या घरातली जी माणसं उरली होती ती आमच्याकडे होती. आईने त्याच पत्र्याखाली तीन दगडांवर अंबिल शिजवली. शिंपडताना कुणी ओरडलं नाही, हळू आवाजात म्हटलं, एवढंच. तर आई यंदा ऐकणार नाही. नवीन बिंदगं तिने दिवाळीतच आणून ठेवलंय, आणि ते कुणाच्या डोक्यावर जायचं हे विचारायला ती रोज संध्याकाळी फोन करते.

मागण्या साध्या आहेत.

१. १९ डिसेंबरची परीक्षा पुढे ढकला. रविवार २१ तारीख मोकळी आहे, पोरं आनंदाने बसतील. त्या दिवशी ऑनलाइन लेक्चर, डाउट सेशन, "ऐच्छिक" असं काहीही नको. शनिवारी सकाळचंही काही ठेवू नका, बायका-पोरी रात्री उशिरा शेतातून परततात.

२. या दिवशी न आल्याबद्दल कुणाचे गुण, रँक, बॅच यांना हात लावू नका. तसं ग्रुपवर स्पष्ट लिहा.

३. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक आखताना पंचांग उघडा आणि येळवशीचा दिवस सगळ्यांनी मिळून, एका कागदावर सह्या करून, बंद ठरवा. कागद आणि झेरॉक्स माझ्याकडून फुकट.

४. तुमच्या वसतिगृहांतल्या बाहेरगावच्या मुलांना, त्यांच्या घरून होकार आला तर, दिवसभर बाहेर जायची परवानगी द्या. कुणासोबत जाणार, कुठल्या गावाला, परत किती वाजता, हे रजिस्टरला लिहून घ्या, त्याला आमची हरकत नाही. उलट ते हवंच.

५. तुमच्याकडच्या शिपाई, वॉचमन, झाडणाऱ्या मावशी यांनाही तीच सुट्टी द्या. गेल्या वर्षी एका वॉचमनकाकांनी स्वतःच्या रानातली पूजा भल्या पहाटे अंधारात उरकली आणि सातला गेटवर येऊन उभे राहिले.

चौथ्या मागणीचा भार तुमच्यावर टाकत नाही. आमच्या ओळीतल्या पाच दुकानदारांची शेतं लातूरपासून तासाभराच्या आत आहेत. त्यांच्याशी बोलणं झालंय. आमच्याकडे बारा जण बसतील, पुतण्या छोटा हत्ती घेऊन येईल. मुलींना माझी बायको आणि मुलगी सोबत असतील. दुकानाच्या काउंटरवर वही ठेवलीय, नाव, आईवडिलांचा नंबर, आणि तिखट चालतं का, असे तीन रकाने. आज दुपारपर्यंत नऊ नावं आलीत. सातजणांनी तिसऱ्या रकान्यात "हो" लिहिलंय, त्यांना भज्जीतल्या मिरचीची कल्पना नाही. गेल्या वर्षीच्या परभणीच्या पोराचं नाव पहिलं आहे. त्याच्या नावापुढे त्यानेच कंसात लिहिलंय, "टेस्ट नसेल तर".

संध्याकाळपर्यंत थांबता येत असेल तर सरांनीही यावं. अंधार पडताना कडब्याचा हेंडगा पेटवून पिकातून पळवतात. ते लांबून, रस्त्यावरून, गाडीतून बघण्यासारखं नसतं. ढेकळांतून धावावं लागतं, तेव्हा बूट घालून या.

उत्तर १५ तारखेपर्यंत मिळावं ही विनंती. ग्रुपवर टाकलं तरी चालेल, पण क्लासच्या लेटरहेडवर लिहून दिलंत तर मी ते दुकानाच्या दर्शनी भागात लावीन. पोरांना तिथेच बघायची सवय आहे. परीक्षा ठेवायचीच असं ठरलं, तर तेही लिहून द्या. माझी मुलगी बसणार नाही. तिच्याशी बोललो, ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, नवीन बिंदगं केवढं आहे, जुन्याएवढंच का?

आणि एक कामाचं. १८ तारखेला दुकान रात्री साडेनऊपर्यंतच उघडं राहील. १९ ला दिवसभर बंद. ज्यांना त्या दिवशीचे पेपर काढायचे असतील त्यांनी फाइल १७ लाच पाठवावी. किंवा पाठवू नये.

आपला,
ट्युशन एरियातला एक झेरॉक्सवाला,
बारावीतल्या एका मुलीचा बाप